दोन वाक्यांमधला श्वास

ऐक ना, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. हेडफोनच्या डाव्या कानाचं रेक्झिन सोललंय, त्याचा एक काळा पापुद्रा माझ्या गालाला चिकटला होता, मी तो नखाने काढत होते, आणि कानात माझाच आवाज चालू होता — ‘तिने दार लोटलं’ — मग एक श्वास — ‘आणि आत कोणीच नव्हतं’... आणि नख तिथेच थांबलं. तो श्वास माझा नव्हता.

म्हणजे होता माझाच. सांगते.

मी पुस्तकं वाचते, लोक ती कानांनी ऐकतात, त्यावर माझं पोट चालतं, हे तुला माहितीय. ही जाडजूड कादंबरी अर्धी वाचून झाली आणि मला कोविड झाला. ताप गेला, वास आला, चव आली, सगळे रुसलेल्या पाहुण्यांसारखे एकेक करून परतले, दम तेवढा आला नाही. महिने झाले. जिना चढून गेले की आई म्हणते, “आधी बस, मग भांड.” फुप्फुसांची चाचणी केली — नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि तो चाचणीवाला शर्यत लावल्यासारखा, फुंका, फुंका, अजून, सोडू नका, सोडू नका — मला त्या नळीतच हसू फुटलं, मग परत पहिल्यापासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक्स-रे छान आहे, आकडे जरा कमी आहेत, वाढतील. कधी? “प्रत्येकाचं वेगळं असतं.” मी चिडायला हवं होतं ना, पण मला भलतंच वाटत राहिलं... इतकी वर्षं ही दोन फुप्फुसं आत मुकाट काम करत होती, आणि आत्ता कुठे माझ्याशी बोलायला लागलीयत, तर म्हणतायत तरी काय?

तर आमचा रेकॉर्डिंगवाला, घुबड. अंधाऱ्या खोलीत पडद्याला नाक लावून बसतो म्हणून घुबड. हल्ली मी लांब वाक्यात मधेच श्वास घेते, छोटे, वरवरचे, एखादा शिट्टीसारखा. घुबडाने ते सगळे कापले. एकूण एक. प्रकाशनाच्या बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, ऐकताना माझाच जीव घुसमटला, ही बोलतेय की यंत्र? मग या शहाण्याने आजाराआधीच्या प्रकरणांतले माझे श्वास उचलले आणि नव्या वाक्यांच्या मधे चिकटवले.

“सांगायचं तरी,” मी काचेअलीकडून म्हणाले.

“कळलं होय तुला? कोणालाच कळत नाही गं.”

“मला कळलं.”

“तुझाच आहे. तुझ्याच घरातला माठ उचलून तुझ्याच घरात ठेवला.”

“परत लाव.”

त्याने लावला. परत, परत. पोटातून आलेला, ऐसपैस, कसलीच घाई नसलेला... आणि आजाराआधीच्या त्या बाईला — मी तिला ‘ती’च म्हणायला लागले बघ — आपण श्वास घेतोय हे माहीतच नव्हतं. तिचं लक्ष पुढच्या ओळीवर, नाहीतर डब्यात काय आहे त्यावर. तिला थांबवून विचारावं, कसा घेतेस गं? तर ती गोंधळूनच गेली असती.

“माझे फेकलेस का रे?”

“आहेत बाजूला.”

“ऐकव.”

शब्द नाहीत, नुसते श्वास, एकापाठोपाठ एक. मला वाटलं होतं केविलवाणे असतील. तसे नव्हते. अंधारात चपला शोधताना पाय कसे चाचपत जातात, तसे. कोणीतरी काहीतरी शोधत होतं, नेटाने.

घुबड म्हणाला, “संध्याकाळी पाठवायचंय. जुने ठेवले तर पुस्तक पास, आणि पुढचंही तुझंच. हे घातले तर प्रकाशनाच्या बाई विचारणार, बरी आहेस ना... मग दुसरी कोणीतरी वाचेल. जुन्यांचा साठा आहे आपल्याकडे, काळजी करू नकोस.”

साठा. म्हणजे पुढच्या पुस्तकातही मी बोलणार, आणि मधेमधे ती श्वास घेणार?

त्याचं बोट बटणावर. मी बोलायला तोंड उघडलं, हवा आत गेली, आणि मी बोलायचंच विसरले... कुठवर जातेय बघू म्हणून त्या हवेच्या मागेमागे आत जात राहिले, जरा खाली, अजून जरा खाली, पूर्वी कधीच न बघितलेल्या खोल्यांत डोकावत. “जेवून येते,” एवढंच म्हणाले त्याला, आणि इथे तुझ्यासमोर बसलेय. तो थांबलाय तिकडे. तू माझ्या जागी असतीस तर त्याला काय सांगितलं असतंस?