दगडापलीकडचा गाळ

१९९५ साल. अंबरनाथ-बदलापूरकडे नव्यानं वेगळ्या झालेल्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि बायकांच्या राखीव वॉर्डातून कुंदा निवडून आली. कपाळावरचा गुलाल पुसायच्या आधीच तिला एक माणूस आठवला. विष्णुपंत.

तिच्या चाळीमागच्या नाल्यात हद्दीचा दगड होता. अलीकडचा भाग एका पालिका-कचेरीचा, पलीकडचा दुसरीचा. जो तो आपल्या सवडीनं दगडापर्यंतच गाळ काढी, वीतभरही पुढे नाही. एका वर्षी पलीकडच्यांनी काढलाच नाही. कुंदा तिथल्या इंजिनिअरकडे, म्हणजे विष्णुपंतांकडे, गेली. पानाला चुना लावत ते म्हणाले, "बाई, पाणी आमच्याकडे तुंबत नाही, तुमच्याकडे तुंबतं. तुमच्या साहेबांना सांगा."

साहेबांनी दुसऱ्याच्या हद्दीतला गाळ म्हणून हात झटकले. त्या पावसाळ्यात नाला घरात शिरला, नळाला घाण आली आणि कुंदाची लेक शालन काविळीनं गेली.

आता पलीकडे जाणारी पाण्याची पाइपलाइन नेमकी कुंदाच्या वॉर्डात फुटली. रस्ता खोदायला परवानगी हवी, म्हणून विष्णुपंत आले. कुंदानं त्यांना बाकावर ताटकळत ठेवलं, चहाचं विचारलं नाही.

"पंत, पाणी आमच्याकडे गढूळ येत नाही, तुमच्याकडे येतं. तुमच्या साहेबांना सांगा."

त्या दिवशी शालन गेल्यापासून पहिल्यांदाच तिला जेवण गोड लागलं. परवानगी तिनं सभेत अडकवून ठेवली.

मग एका सकाळी शेजारची गयाबाई आली. शालनला हिनंच न्हाऊमाखू घातलेलं. तिची लेक पलीकडे दिलेली होती, आणि नातीचे डोळे पिवळे झाले होते.

"कुंदे, पंताला झोंबावं म्हणून करतेस ना? अगं, त्याच्या घरी पाणी उकळून पितात. त्याला काय होतंय? शालनच्या नावानं दुसरी शालन मारणार आहेस का तू?"

कुंदा उठली. चपला घालून थेट कचेरीत गेली आणि परवानगी मोकळी करवली. विष्णुपंतांना बोलावून म्हणाली, "तुम्हाला माफ केलेलं नाही. पण यापुढे गाळ दोन्हीकडून एकाच दिवशी निघेल. आणि तुम्ही स्वतः नाल्यात उतराल."

ते उतरले. चाळीच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची पाण्याची रेघ दिसली, तेव्हा त्यांची मान खाली गेली ती वर झाली नाही.

पुढे ते निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात नाल्यावर येत राहिले. गयाबाईची नात बरी झाली, शिरगावात तिचा संसार आहे. गयाबाई आता नाही. कुंदा पुढची निवडणूक हरली, पण गाळ निघायच्या दिवशी दगडापाशी खुर्ची टाकून बसायचं तिनं सोडलं नाही.

नागरिकहो, कारभार घराजवळ यावा म्हणून आपण वेगळी नगरपालिका मागितली, ते योग्यच झालं. पण शेजारच्या कचेरीशी बोलणं टाकायला कुणी सांगितलं होतं? हाती अधिकार आला की जुना सूड आठवतोच. तेव्हा आधी एवढं बघा, पलीकडच्या नळाखाली भांडं धरून कोण उभं आहे.