टोकावड्याचा उजवा कोपरा

कापणी उरकलेल्या शेतात, पौषातल्या उतरत्या उन्हात, मातीवर टाच घासल्याचा कोरडा आवाज आधी येई आणि मग बाळाराम दिसे. कबड्डीच्या मैदानात उजवा कोपरा त्याचा. तेथे तो उभा आहे असे वाटत नसे, दडून आहे असे वाटे: पाठ किंचित वाकलेली, हात सैल, नजर चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधीच नाही, फक्त पावलांवर. उन्हाला पडलेल्या घोरपडीची स्थिरता त्याच्यात होती, आणि तिच्याइतकाच थंडपणा.

मला तो कधीच आवडला नाही. मुरबाड आणि शहापूरच्या सामन्यांच्या बातम्या मी कित्येक वर्षे लिहिल्या. त्याने पाडलेल्या खेळाडूला हात देऊन उठवल्याचे एकदाही पाहिले नाही. घोटा मुठीत आला की शिट्टीनंतरही तो क्षणभर पीळ देई, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर आनंद नसे, रागही नसे. हेच अधिक खुपे.

त्याची तुलना नेहमी आटगावच्या जनार्दनशी होई. जनार्दन रुंद, हसरा, भरल्या ओढ्यासारखा. त्याचे येणे दुरून ऐकू येई आणि तरी टळत नसे. कंबरेला मिठी घालून तो चढाईपटूला उचले, बाजूचे दोघे साखळी धरून तुटून पडत. सहकारी असले की त्याचे बळ वाढे. बाळारामला सहकारी म्हणजे वाटेतला अडथळा. एकजण गर्दीचा बचावपटू, दुसरा एकांताचा. निव्वळ कौशल्य पाहिले तर दुसरा सरस होता, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागे.

एकदा सामन्यानंतर दोघे टोकावड्याच्या धाब्यावर समोरासमोरच्या बाकांवर बसले होते.

"मिठ्या लग्नात मारायच्या," बाळाराम कोणाकडेही न पाहता म्हणाला. "मैदानात कशाला?"

"तुला मिठी मारायला कोन नाय, म्हनून पोटात दुखतं रे तुज्या," जनार्दन म्हणाला. सगळे हसले. बाळारामने चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला.

पुढे जिल्हा संघात उजव्या कोपऱ्याची एकच जागा रिकामी झाली. दोघेही तिशीपार, ही गेली की दुसरी मिळणार नव्हती. बाळाराम कधी जिल्ह्याकडून खेळला नव्हता. त्याने आयुष्यात काही मागितल्याचे कोणाला आठवत नाही, पण त्या जागेसाठी तो निवडकर्त्यांच्या घरी स्वतः जाऊन आला.

चाचणी शहापूरला, सभागृहात, मॅटवर झाली. मातीच्या खेळाडूंची एक सवय असते: चढाई सुरू होताना वाकून तळवा जमिनीवर फिरवायचा, म्हणजे घाम सुकतो आणि पकड निसटत नाही. बाळाराम हे वीस वर्षे करत होता. त्या दिवशी त्याने निग्रहाने तळवे चड्डीला पुसले आणि चार चढाईपटू घोट्यात टिपले. शेवटची चढाई उरली. समोरचा आत शिरला आणि बाळारामचा हात आपसूक खाली गेला. तेथे माती नव्हती. गुळगुळीत रबरावर तो हात क्षणभर चाचपडत राहिला, तेवढ्यात चढाईपटूने त्याच्या मनगटाला स्पर्श केला आणि तो रेषेपार परतला.

"काय शोधतोस, बाळ्या?" पलीकडच्या कोपऱ्यातून जनार्दन म्हणाला. "माती टोकावड्यालाच रायली."

जागा जनार्दनला मिळाली. मी बातमी दिली: नेमकी, चार ओळींची. बाळारामच्या चार पकडींसाठी पाचवी ओळ लागली असती. पानावर जागा होती. मी लिहिली नाही.

तो पुन्हा खेळला नाही. आठवड्याच्या बाजारात दिसे, ओळख न देता पुढे जाई. दोन वर्षांपूर्वी वारला. जनार्दनच्या घरात त्याची कात्रणे चौकटीत लावलेली आहेत. बाळारामचे कागदावर काहीच नाही. त्याच्या खेळाची साक्ष आता फक्त त्याने पाडलेली माणसे देतात, त्याला सर्वाधिक शिव्या देणारी. थंडी पडली की ती घोटे चोळत त्याचे नाव काढतात, आणि काळ त्या शिव्याही दरवर्षी थोड्या कमी करत जातो.