पुढे येऊन खेळणारी

तृप्तीने सर्व्हिस मारली आणि चेंडूच्या मागोमाग ती नेटकडे धावली. समोरची कोल्हापूरची मुलगी कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, बेसलाइनच्याही मागे उभी होती. तिने घाई केली नाही. दोन्ही हातांनी रॅकेट खालून वर ओढली. चेंडू गरगरत नेटवरून आला आणि तृप्तीच्या बुटांपाशी एकदम खाली बसला. ती वाकली, रॅकेट चेंडूला लागलीही, पण चेंडू नेटमध्ये गेला.

पुढच्या सर्व्हिसवर ती पुन्हा धावली. या वेळी चेंडू तिच्या उजव्या बाजूने, हाताला न सापडता, थेट कोपऱ्यात पडला. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. सामना तिथेच संपला.

तिला शिकवणाऱ्या मनीषाताई खुर्चीवरून उठल्या. तृप्ती मान खाली घालून बॅग भरत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. टीशर्ट घामाने चिकटला होता.

"सर्व्हिस चांगली पडत होती," त्या म्हणाल्या.

"हो ताई. मीच अजून लवकर पोचायला पाहिजे होतं."

तृप्ती याहून लवकर पोचू शकली नसती. कुणीच पोचू शकलं नसतं.

मनीषाताई नाशिकजवळच्या मखमलाबादच्या. घरचा फुलांचा मळा. वडील, कोंडाजी, शहरातल्या टेनिस क्लबच्या समारंभांना हार घेऊन यायचे तेव्हा सायकलच्या दांडीवर बसून ही मुलगीही यायची आणि कोर्टाच्या तारेला नाक लावून उभी राहायची. क्लबातल्या एका डॉक्टरांनी तिला जुनी लाकडी रॅकेट दिली आणि शिकवलंही. त्या काळी तिथली कोर्टं शेणाने सारवलेली, अंगणासारखी टणक होती. टप्पा पडला की चेंडू वर उठायचा नाही, सरपटत जायचा. आधी नेटवर पोचेल त्याचा पॉइंट. मनीषा सर्व्हिस मारायची आणि धावत सुटायची. नेटजवळ पोचून, आलेला चेंडू टप्पा न पडू देता, देवापुढे फूल ठेवावं इतक्या अलगद रिकाम्या जागेत ठेवून द्यायची. या खेळावर ती राज्यात पहिली आली. पुढे क्लबनेच तिला मुलांना शिकवायला ठेवलं, आणि ती सगळ्यांची मनीषाताई झाली.

मग रॅकेटी हलक्या आणि रुंद झाल्या. तारा अशा आल्या की सगळी ताकद लावून मारलेला चेंडूही फिरत फिरत आतच पडायचा. जगभरात कोर्टं संथ झाली. क्लबनेही शेणाची कोर्टं उखडून लाल मातीची केली. चेंडू खांद्यापर्यंत उसळू लागला आणि मागे उभं राहणाऱ्याला विचार करायला वेळ मिळू लागला. नेटकडे धावणारे आधी कमी झाले, नंतर टीव्हीवरही दिसेनासे झाले. मनीषाताईंच्या डोळ्यांदेखत हे सगळं झालं होतं. तरीही आठ वर्षांची तृप्ती पहिल्याच आठवड्यात, कुणी न सांगता, चेंडूमागे नेटपर्यंत पळाली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं नाही. उलट त्या दिवशी घरी जाताना त्या स्वतःशीच हसत होत्या.

आता तृप्ती सोळा वर्षांची होती, आणि वर्षभर हरत होती.

तिचे वडील, भारत, कोर्टाबाहेर चहाच्या टपरीपाशी थांबले होते. मूळचे नांदगावचे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लेथ मशीनवर कामाला. त्यांनी मनीषाताईंच्या हातात चहाचा कप दिला.

"मॅडम, मला टेनिसमधलं काय कळत नाय," ते म्हणाले. "पण पोरगी रडती, ते कळतं."

"माझ्यासमोर कधी नाही रडली."

"आमच्यासमोर बी नाय रडत. बाथरूमचा नळ सोडून रडती. तिला वाटतं, आम्हाला ऐकू येत नाय."

मनीषाताईंनी कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"पाथर्डी फाट्याच्या अकॅडमीतले सर तिला घ्यायला तयार हायेत. म्हणले, हात चांगलाय, पाय चांगले हायेत, पण मागं थांबून खेळायला शिकावं लागंल. सगळा खेळ बदलायचा. तिला विचारलं तर म्हणती, ताईंना सोडून कुठं जाणार नाय. म्हणती, ताईंचा खेळ खेळणारी मी एकटीच राहिलेय."

"असं म्हणाली?"

"हो. आता तुम्हीच सांगा, मी पोरीला काय म्हणू? तुमचं ऐकती ती. माझं नाय ऐकत."

संध्याकाळी मळ्यातल्या घराच्या ओट्यावर झेंडूचा ढीग पडला होता. पहाटे माल गणेशवाडीच्या फूल बाजारात जायचा होता. भावजय, विमलाबाई, माळा ओवत होत्या. मनीषाताईंनीही सुई घेतली.

"ताई, हरली का तृप्ती?"

"हरली."

"मंग काय झालं? तुम्ही बी हरायच्या की."

"मी हरायचे तेव्हा त्या दिवशी माझं काहीतरी चुकलेलं असायचं. हिचं तसं नाही, वहिनी. ही चांगलं खेळूनच हरते."

विमलाबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. "मंग तिला दुसरं काही शिकवा."

"मला दुसरं येत नाही," मनीषाताई म्हणाल्या.

विमलाबाईंनी पिवळ्या फुलांची पाटी नणंदेच्या बाजूला सरकवली आणि दोघी ओवत राहिल्या.

सकाळी तृप्ती नेहमीसारखी सर्व्हिसची बाजू धरून उभी राहिली. मनीषाताईंनी तिला पलीकडे पाठवलं.

"आज सर्व्हिस मी करणार. तू मागे थांब. मी पुढे येईन, तू माझ्या बाजूने चेंडू काढून मला पास करायचं."

"ताई, तुमचा गुडघा."

"गुडघ्याचं मी बघते."

त्यांनी सर्व्हिस मारली आणि निघाल्या. पूर्वीसारखं धावणं उरलं नव्हतं, पण वाट पायांना पाठ होती. तृप्तीने चेंडू हळूच, त्यांच्या रॅकेटपाशी येईल असा परत केला. मनीषाताईंनी तो हातानेच अडवला.

"नीट मार. त्या कोल्हापूरच्या मुलीने मारला तसा."

दुसऱ्यांदाही तृप्तीने हळूच मारला. तेव्हा मनीषाताई नेटजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "तू मला म्हातारी समजून खेळणार असशील तर मी जाते घरी."

मग तृप्तीने मारला. चेंडू नेटवर उंच वाटला आणि एकदम मनीषाताईंच्या पायांशी बुडाला. त्या वाकल्या, गुडघ्यातून कळ गेली, चेंडू नेटमध्ये गेला. पुन्हा सर्व्हिस, पुन्हा पायांशी. मग डावीकडून, मग उजवीकडून. एकदा मात्र चेंडू त्यांच्या बॅकहँडला जरा वर आला. मनगट किंचित सैल झालं आणि चेंडू नेटच्या पलीकडे उतरला, दुसऱ्यांदा उसळायलाही विसरला. तृप्ती जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आठ वर्षांची तृप्ती दिसली.

"ताई, तो कसा मारला?"

"ते सोड. मार."

त्या धापा टाकू लागल्या तरी थांबेनात. शेवटी तृप्तीनेच रॅकेट खाली ठेवली.

"बस ना, ताई. तुमचं वय झालंय म्हणून पोचत नाही तुम्ही. त्यात काय सिद्ध होतं?"

मनीषाताई नेटला धरून उभ्या होत्या. श्वास खाली बसल्यावर त्या म्हणाल्या,

"मी वीस वर्षांची असते तरी चेंडू पायाशीच आला असता. तू मागे उभी राहून मला पास करायला कधी शिकलीस? कुणी शिकवलं?"

तृप्तीने खाली ठेवलेल्या रॅकेटकडे पाहिलं.

"कुणीच नाही. तरी जमतं तुला. आजच्या प्रत्येक मुलीला जमतं. तू चांगली आहेस म्हणून सांगते, मागे थांबून खेळायला शिक. ते मला शिकवता येत नाही. तुझे बाबा म्हणतात त्या सरांकडे जा."

"आणि तुमचा खेळ?"

"माझा खेळ खेळून झाला माझा."

"मला आवडतो तो, ताई."

"मलाही," मनीषाताई म्हणाल्या.

तृप्ती रडली. या वेळी नळ नव्हता. मनीषाताईंनी तिला रडू दिलं. त्यांना स्वतःला रडू आलं नाही. फक्त नेटवरचा हात त्यांनी काढला नाही.

पुढच्या सोमवारपासून तृप्ती पाथर्डी फाट्याला जाऊ लागली. सुरुवातीला फोन यायचे. ताई, आज फोरहँडची पकड बदलली. ताई, सर म्हणतात सर्व्हिसनंतर पाय मागे घे. मनीषाताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सर सांगतात तसं कर." मग फोन कमी झाले. ते बरंच झालं असं त्या विमलाबाईंना सांगायच्या.

हिवाळ्यात राज्याची स्पर्धा नाशिकला, याच क्लबवर आली. तृप्ती अंतिम फेरीत पोचली. मनीषाताई तारेला टेकून उभ्या राहिल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत.

तृप्तीचा खेळ त्यांना ओळखू आला नाही. ती बेसलाइनमागे पाय रोवून उभी होती आणि चेंडू परत करत होती. डावीकडे, उजवीकडे, न कंटाळता. दुसऱ्या सेटमध्ये समोरच्या मुलीचा एक फटका चुकून आखूड, हलका, वर तरंगत आला. मनीषाताईंचं अंग पुढे झुकलं. तृप्तीही निघाली. दोन पावलं आत आली, थबकली, आणि चेंडू टप्पा पडून उसळेपर्यंत पुन्हा मागे सरली. पॉइंट पुढे बराच वेळ चालला आणि तो तिनेच जिंकला.

सामनाही तिनेच जिंकला. भारत रुमालाने डोळे पुसत कुणालातरी फोन लावत होते. अकॅडमीचे सर, तिशीतला नम्र माणूस, मनीषाताईंपाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, तिचं फूटवर्क सगळं तुमचंच आहे." मनीषाताईंनी त्यांचं अभिनंदन केलं. ते मनापासून होतं.

तृप्ती धावत आली आणि वाकून पाया पडली.

"पाहिलंत ना, ताई?"

"पाहिलं. छान खेळलीस."

"तो एक चेंडू आला होता," तृप्ती हळूच म्हणाली. "वर आलेला. मी जाणार होते."

"बरं केलंस नाही गेलीस." मनीषाताईंनी तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "जा, फोटोला बोलावतायत."

सगळे हॉलकडे गेले. थोड्या वेळाने मुलांचा अंतिम सामना होता आणि कोर्टावरचे कामगार जेवायला बसले होते. मनीषाताईंनी माती सारखी करायची जाळी भिंतीवरून काढली आणि त्या आत गेल्या. बेसलाइनमागची माती दोन्ही बाजूंना उकरली गेली होती. बुटांचे घसरे, टाचांचे खड्डे एकावर एक उमटले होते. तिथून त्या नेटकडे चालत गेल्या. नेटजवळची माती सकाळी पाणी मारून, रूळ फिरवून ठेवली होती तशीच्या तशी होती. शेवटी हात मिळवायला दोघी आल्या होत्या, तेवढी चार पावलं नेटपाशी उमटली होती.

मनीषाताई काही वेळ ती पावलं पाहत राहिल्या. मग जाळीची दोरी त्यांनी खांद्यावर घेतली, आणि मागे जाऊन बेसलाइनपासून ओढायला सुरुवात केली.