सहा दहाची गाडी

“वाचा,” काकू म्हणाल्या.

मिनिटकाकांनी पोटातून नुकत्याच उतरलेल्या पाण्याची पिशवी टेबलावरच्या छापील कागदावर आडवी धरली. मूत्रपिंडं संपावर गेल्यापासून दिवसातून चार वेळा नळीने पोटात औषधी पाणी भरायचं आणि काही तासांनी काढायचं, असा कार्यक्रम होता. निघालेल्या पाण्यातून खालची अक्षरं दिसली की सगळं ठीक. गढूळ दिसलं की पोटात जंतू. बत्तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रक बनवलेला माणूस खाली दुसरं काय ठेवणार? स्वतःचंच शेवटचं वेळापत्रक.

“सहा दहा. सहा चाळीस. सात पाच,” काका खणखणीत वाचत गेले.

“पोट दुखतंय का?”

“तुझा आवाज ऐकला की दुखतं.”

“मग चाळीस वर्षं दुखत असेल. पुढे वाचा.”

काकांनी सात पस्तीसही वाचली. अंगात थंडी भरली होती, पण ती त्यांनी आवाजाला कळू दिली नाही. दोनदा जंतू होऊन गेले होते. तिसऱ्यांदा झाले तर नळी काढायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मग आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात यंत्राशेजारी पडून राहायचं, तेही त्यांच्या वेळेला. निवृत्तीनंतर काकांच्या हुकमतीत या चार पाळ्याच काय त्या उरल्या होत्या, आणि त्यांतली एकही आजवर मिनिटभर पुढेमागे झाली नव्हती.

“झालं?” काकूंनी पिशवी उचलली. “हा तुमचा कागद नाही. सकाळी बदलला मी. डेपोतून नवा आणलाय. तुमची सहा दहा बंद झाली.”

“बंद? सहा दहा? कुठल्या गाढवाने केली?”

“तुमच्या खुर्चीत बसलेल्या. अहो, पण पिशवीतून एक आकडा दिसत नाहीये तुम्हाला! तांदूळ धुतल्यासारखं पाणी, आणि पाठ केलेलं म्हणून दाखवताय? कधीपासून?”

“उजेड कमी आहे.”

“सकाळचे अकरा वाजलेत.”

“दहा अठ्ठावन्न.”

“आणि परवा पिशवी जोडताना, मास्क खाली ओढून, खिडकी उघडून खालच्या बसवर कोण बोंबलत होतं?”

“चार मिनिटं उशिरा आला होता तो ड्रायव्हर!”

“मग? झाला का वक्तशीर?”

काकूंनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून नर्स म्हणाली, पिशवी फेकू नका, ती घेऊन लगेच या.

“मी येत नाही,” काका म्हणाले.

“नका येऊ. पिशवी घेऊन जाते, तिलाच दाखल करते.”

काका उठले ते पोट धरूनच. खुंटीवरचा शर्ट त्यांनी कसाबसा चढवला. पण वरचं बटण काजात शिरेना. तीनदा हुकलं. काकू बघत उभ्या राहिल्या. मदत हवी तर तोंडाने मागायची, असा या घरातला जुना करार होता, आणि काकांनी आजवर काही मागितलं नव्हतं.

“किती वेळ लावणार?”

काकांनी दोन्ही हात खाली सोडले आणि भिंतीकडे बघत हनुवटी जराशी वर केली, वरच्या बटणापुरती.