नंबरकाकांचा नववा प्रश्न

तीन महिन्यांत नंबरकाकांनी स्वतःसाठी चार चष्मे बनवले. दुकान स्वतःचं, काचा स्वतःच्या आणि डोळे तपासणारेही स्वतःच, तेव्हा त्यांना अडवणार कोण?

तीस वर्षं ते त्या दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढत होते. गल्लीतल्या पोरांनी त्यांना नंबरकाका म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव इतकं चिकटलं की पाटीवरचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. तर अशा माणसाला एके दिवशी सगळं मळकट दिसायला लागलं. झाडं मळकट, बायकोचा नवा निळा स्वेटर मळकट, सकाळचं ऊनसुद्धा कुणीतरी वापरून परत केल्यासारखं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझं मन कशात लागत नाही. काका म्हणाले, नंबर वाढला.

नंबर काही वाढला नव्हता. तरी त्यांनी नवा चष्मा बनवला. मग एक पिवळसर काचेचा, मग एक महागातल्या काचेचा, आणि शेवटी एक अगदी हलक्या फ्रेमचा, कारण नाकावरच्या ओझ्यामुळेच जीव जड होत असावा असं त्यांना मनापासून वाटलं.

"अहो, चष्मे चार झाले," काकू म्हणाल्या. "नाक एकच आहे."

एरवी काकांनी या वाक्याची सव्याज परतफेड केली असती. आता ते नुसतं "हं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दुकानाचं शटर उघडून दोन तास व्हायला हवे होते.

काकू एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. चाळीस पोरांच्या हातून परीक्षानळ्या वाचवण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे कुठे काय करपतंय ते त्यांना धूर दिसायच्या आधी कळायचं. नवरा तीन-तीन दिवस अंघोळ टाळतो, मुलीचा फोन आला की दोन शब्द बोलून पुढे करतो, जेवताना घास हातात धरून बसून राहतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी वाद घातला नाही. चौकशी केली, मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि काकांना "जरा बाहेर जाऊन येऊ" एवढंच सांगून तिथे नेलं.

तिथे काकांनी काय केलं, तर काकूंना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः एकटे आत गेले.

आत एक कागद भरायचा होता. त्यावर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, आणि पुढे चार चौकोन: कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. कशात रस वाटत नाही का, झोप कशी आहे, थकवा येतो का. काकांनी कागद हातात घेतला मात्र आणि त्यांच्यातला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी जागा झाला. झोपेला त्यांनी "काही दिवस" दिलं, कारण अगदीच सगळं बरोबर आलं तर संशय येतो. बाकी सगळीकडे "कधीच नाही". नववा प्रश्न होता, आपण मेलेलं बरं असं वाटतं का. तिथे त्यांचं पेन जरा थांबलं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच यायचा, उठलोच नसतो तर किती बरं झालं असतं. त्यांनी "कधीच नाही"वर खूण केली, तीही ठसठशीत.

"दुसरा काही त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. कामाचा थोडा ताण, दुसरं काय."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते हे असं. बाईंनी दोन-तीनदा वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. काका हसून हसून सगळ्या वाटा बंद करत गेले. शेवटी बाईंनी झोपेची एक सौम्य गोळी लिहून दिली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तीन आठवड्यांत काकांना झोप थोडी जास्त आली आणि जगणं होतं तितकंच नकोसं राहिलं. त्यांनी जाहीर केलं की या औषधांत काही राम नाही आणि आपण पुन्हा तिथे जाणार नाही.

"शुक्रवारची वेळ रद्द करून टाक."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र असा झाला की काकांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

गुरुवारी दुपारी दुकानात एक बसचालक आला. पन्नाशी उलटलेला, मिशी विंचरलेली, अंगावर गणवेश. परवान्याचं नूतनीकरण होतं आणि त्याला दृष्टीचा दाखला हवा होता. काकांनी त्याला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या खोक्यातल्या तक्त्याकडे बोट केलं. "वाचा."

चालकानं वाचलं. वरची मोठी अक्षरं, मग मधली, मग अगदी तळाची, जी काकांनाही चष्म्याशिवाय लागत नसत. कुठे अडखळणं नाही की डोळे बारीक करणं नाही. दुसरा डोळा झाकून तेच, उलट जरा जास्तच झपाट्यानं.

"नजर गरुडाची आहे तुमची," काका म्हणाले. दाखल्याचा कागद घ्यायला ते वळले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खोक्यातला दिवा लावायचाच राहिला होता. हल्ली असं बरंच काही राहून जायचं. आतला तक्ता काळाकुट्ट होता. त्यातलं एक अक्षर खुद्द गरुडालाही दिसलं नसतं.

काकांनी दिवा लावला. चालकानं उजळलेल्या खोक्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

"पाठ केलंत?"

"मेहुण्यानं फोटो पाठवला होता," चालक म्हणाला. "काका, नापास झालो तर गाडी जाईल हो हातची."

"नापास करतोय कोण? ही काय परीक्षा आहे?" काकांचा आवाज चढला. गेल्या कित्येक आठवड्यांत तो चढलाच नव्हता, त्यामुळे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "तुम्हाला दिसत नाही एवढं कळलं तर मी चष्मा देईन, तो घालून गाडी चालवाल. पण तुम्ही मला सगळं छान दिसतंय म्हणून सांगितलंत तर मी औषध कशावर करू? भिंतीवर? तुम्ही खोटं बोलायचं आणि मग माझ्या नावानं खडे फोडायचे, की या चष्मेवाल्याला काही..."

वाक्य तिथेच लटकलं. चालक पुढचं ऐकायला तोंड वर करून बसला होता. काका शेजारच्या स्टुलावर हळूच टेकले.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण त्यांनी गिऱ्हाइकांना हजारदा ऐकवली असेल, धंद्याचीच म्हण ती. आज ती घरचा पत्ता शोधत आली. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर औषध केलं होतं आणि ते भिंतीला लागू पडत नाही म्हणून काका तीन आठवडे बोटं मोडत होते.

"बरं वाटत नाहीये का?" चालकानं विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "बरेच दिवस." आणि आभाळ कोसळलं नाही. चालकानं नुसती मान हलवली आणि आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. मग काकांनी त्याची नीट तपासणी केली. चष्मा लागला, नंबर फार मोठा नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "उद्याची वेळ पुन्हा मिळेल का गं?"

"मी रद्द केलीच नव्हती," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी चार वाजता काका काकूंना घेऊनच आत गेले. त्यांनी नवा कागद मागून घेतला, पण चौकोन पुन्हा मोहात पाडतील म्हणून तो परत सरकवला; मग डॉक्टरीणबाईंनीच प्रश्न वाचले आणि काकांनी तोंडी उत्तरं दिली. कशात रस वाटत नाही: रोज. थकवा: रोज. आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं: रोज. भूक विचारली तेव्हा ते सवयीनं "ठीक" म्हणाले, तर बाजूनं "खोटं" असा आवाज आला.

नववा प्रश्न बाईंनी सावकाश वाचला.

"जवळजवळ रोज," काका टेबलाकडे बघत म्हणाले. "सकाळी. आपण उठलोच नसतो तर बरं, असं वाटतं. काही करावंसं नाही वाटत. नुसतं नसावंसं वाटतं."

ते रडले नाहीत, पण बोलून झाल्यावर त्यांना धाप लागली होती. आपण आता काकूंकडे कधीच बघू शकणार नाही असं त्यांना वाटलं. बाईंनी शांतपणे आणखी थोडं विचारलं, कधी काही ठरवलं होतं का, तसं काही वाटलं तर कुणाला सांगाल, आणि एका चिठ्ठीवर केव्हाही फोन करता येईल असा क्रमांक लिहून दिला. मग त्या काकूंकडे वळल्या.

"आणि तुम्ही कशा आहात? झोप लागते?"

"मला काय होतंय," काकू म्हणाल्या. "छान लागते."

"नाही लागत," काका म्हणाले.

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ती पहाटे चार वाजता उठते आणि माझ्या नाकापाशी हात धरते. श्वास चालू आहे का बघते. मी झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो. रोज. तिची खूण त्या शेवटच्या चौकोनात करा."

काकूंनी पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली आणि मग रडायला लागल्या. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं, त्यामुळे त्याला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी पुढचं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. पेशंट म्हणायला हवं, पण काकांच्या डोक्यात गिऱ्हाईकच आलं.

त्यानंतर काही जादू झाली नाही, हे सांगितलेलं बरं. नवी गोळी सुरू झाली; पहिले दहा दिवस तिचा उपयोग शून्य आणि तोंडाला कोरड मात्र भरपूर. मग बाईंनी मात्रा वाढवली. दर बुधवारी काका एका समुपदेशकांकडे बोलायला जायला लागले. हे गृहस्थ चांगले जाडजूड, सतत घाम पुसणारे, आणि त्यांचा चष्मा दर वाक्यागणिक नाकावरून घसरायचा. तिसऱ्या बुधवारी काकांना ते सहन होईना. त्यांनी बोलता बोलता हात पुढे केला, चष्मा काढून घेतला, खिशातल्या छोट्या पेचकसानं काड्या आवळल्या आणि परत दिला. समुपदेशकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि ते बरेच खूश दिसले. काकूही महिन्यातून दोनदा एका गटात जाऊन बसायच्या. घरातल्या माणसाला असा आजार असलेली दहाबारा मंडळी तिथे जमायची. काकू म्हणायच्या, तिथे हसायलाच जास्त मिळतं. मधे एक आठवडा इतका वाईट गेला की काकांनी पुन्हा अंथरूण धरलं, पण या वेळी ते सकाळी सातलाच काकूंना म्हणाले, "आज तो विचार आला होता." आणि काकूंनी शाळेत रजा कळवली.

आठव्या आठवड्यातल्या रविवारी काकांना लवकर जाग आली. खिडकीतून ऊन येत होतं, घड्याळात पावणेसात. डोळे उघडल्यावरचा पहिला विचार म्हणजे उजव्या हाताला मुंग्या आल्या आहेत. काकू त्या हातावर डोकं टाकून पडल्या होत्या, तोंड उघडं, आणि चक्क घोरत होत्या. आपण घोरत नाही हे काकूंचं लग्नापासूनचं ठाम मत होतं.

चार केव्हाच वाजून गेले होते.

काकांनी हात काढून घेतला नाही. काकू साडेआठला आपणहून उठेपर्यंत ते तसेच पडून राहिले.