तलावाचा चोर

म्युनिसिपालटीत चोरी होते ती बहुधा कंदिलातल्या तेलाची, नाहीतर कचेरीतल्या कोऱ्या कागदांची. त्या वर्षी मात्र आमच्या गावचा तलावच चोरीला जाऊ लागला!

जर्मन लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. धुळे आणि जळगाव यांच्या मधलं हे कापसाच्या बाजाराचं गाव. टेकडीच्या पायथ्याशी तलाव, आणि तिथून बिडाच्या नळांनी पाणी गावात येई. गल्लोगल्ली नळकोंडाळी होती, ऐपतदारांच्या घरात स्वतंत्र नळ होते. परार, म्हणजे दोन पावसाळ्यांमागे, तलाव काठोकाठ भरला होता. गेल्या साली पाऊस असा रुसला, की तलावात चुळीइतकीही भर पडली नाही. तरी दिवाळी झाली, संक्रांत झाली, कुणालाच काही वाटलं नाही. तलावात मधोमध उभा असलेला खुणांचा दगडी खांब निम्मा उघडा पडला, तेव्हा कुठे म्युनिसिपालटीला जाग आली.

पाणी कमिटीचे चेअरमन होते शेट केवलचंद. सरकी-कापसाचे व्यापारी. माणूस सचोटीचा. घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. "पाणी तुपासारखं वाढावं," हे त्यांच्या वडिलांचं वाक्य ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवीत. त्यांनी ठराव मांडला, की यापुढे पाणी एक दिवसाआड सुटेल. लोकांची ओरड होऊ नये म्हणून त्या दिवशी नळ दुपारपर्यंत चालू राहतील. ठराव एकमताने पास झाला. एकमताने पास होणाऱ्या ठरावांकडे जरा निरखून पाहावं, असं आमचं मत आहे, पण आम्हाला विचारतो कोण?

चैत्र उजाडला आणि ओव्हरसियर धापा टाकत कचेरीत आला.

"शेटजी, खांबाच्या खुणा भराभर उघड्या पडताहेत. रोज पाणी सोडत होतो, तेव्हासुद्धा तलाव इतक्या वेगानं उतरत नव्हता!"

केवलचंदांच्या हातातलं पान हातातच राहिलं. पाणी निम्म्या दिवसांवर आणलं आणि तलाव उलट जास्तच आटला? हे कसं शक्य आहे? नळ कुठे फुटला नव्हता, बांध कुठे पाझरत नव्हता. पाऊस यायला अजून दोन महिने होते. या हिशेबानं वैशाखातच गावच्या नळातून वारा येणार होता.

"चावी कुणाकडे असते?"

"तोतारामकडे."

मग काय! तोताराम हा म्युनिसिपालटीचा चावीवाला. तलावाच्या नळाची मोठी लोखंडी चावी त्याच्या खांद्यावर असायची. तो रात्री चावी फिरवून कापसाच्या कारखान्यांना पाणी विकतो, असं एकानं म्हटलं, दुसऱ्यानं त्याला तिखटमीठ लावलं, आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं झालं.

दुसऱ्या दिवशी तोताराम कचेरीत हात जोडून उभा राहिला. "शेट, चावी मनापाशीच ऱ्हास. पन मी चोरी करी नही. मना पोरेसनी आन! पानी कथं जास, ते माले बी समजत नही."

"चावी ठेव त्या टेबलावर," केवलचंद म्हणाले. "शनिवारच्या सभेपर्यंत खरं सांग. नाहीतर सभा तुला पोलिसांच्या ताब्यात देईल."

तोतारामनं चावी टेबलावर ठेवली. इतकी वर्षं खांद्यावर वागवलेली ती चावी सोडून तो रिकामा खांदा चाचपत बाहेर पडला. पण ते पाहायला कुणाला सवड होती?

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई सुनंदाबाई यांच्या ओट्यावर तोतारामची बायको भिकुबाई येऊन बसली. ती बाईंच्या शेजारच्याच बोळात राहत होती.

"अक्का, बठ्ठं गाव मना धनीले चोर म्हनस. नळवर माले कोनी उभी ऱ्हाऊ देत नही. तेले पोलिसले दि टाकतीन त मी पोरे लिसन कथं जाऊ?" आणि ती पदरात तोंड घालून रडू लागली.

सुनंदाबाईंनी तिला धीर दिला, पण मन स्वस्थ बसेना. शाळेसमोरची गटार त्या रोज पाहत होत्या. अशा दुष्काळी उन्हाळ्यात गटार खडखडीत कोरडी असायला हवी. पण पाण्याच्या दिवशी सकाळी ती भरून वाहायची. मुली त्यात कागदाच्या होड्या सोडायच्या! बाईंनी चप्पल घातली आणि त्या थेट केवलचंदांच्या दुकानावर गेल्या.

"शेटजी, तुमचा चोर मी दाखवते. उद्या पाण्याचा दिवस आहे. नळ सुटायच्या वेळी माझ्याबरोबर गावातून एक चक्कर मारा."

बाई विधवा, परक्या घरची, आणि चेअरमनला सकाळी फिरायला बोलावते! दुकानातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण बाईंच्या डोळ्यांत असं काही होतं, की केवलचंद नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी ओव्हरसियरलाही बरोबर घेतलं; तोतारामची चावी आता त्याच्याकडे होती, तलावावर नळ सोडून तो थेट चौकात येणार होता.

सकाळी तिघं मारुतीच्या चौकात उभे राहिले. नळात आधी वारा घुरघुरला, मग गढूळ पिचकारी आली, मग धार लागली. आणि त्याबरोबर गल्लीतली दारं उघडली.

पहिल्या दारातून एक बाई निघाली. कमरेवर पितळी हंडा, अर्ध्याहून जास्त भरलेला. तिनं तो गटारीत उपडा केला! दुसऱ्या दारातून घागर आली, उपडी झाली. तिसऱ्या दारात दोघींनी मिळून रांजण कलंडवला. एक आजी तपेलं ओतून वर पायानं ओटा घासू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत खळखळ, खळखळ! चांगलं, स्वच्छ, पिण्याचं पाणी! पावसाळ्यातही वाहिली नसेल अशी गटार वाहू लागली.

"अरे, हे काय चाललंय!" केवलचंद ओरडलेच. "काय करता हे? का ओतता?"

रांजणवाली थबकली. चेअरमनला एवढंही समजू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"शिळं पानी शे ना, शेट! परवानं. नळले ताजं पानी उनं, मंग शिळं कोन पेई?"

एका क्षणात केवलचंदांना सगळं दिसलं. रोज नळ होता, तेव्हा माणसं लागेल तेवढंच भरीत, उरलेलं तांब्याभर ओतीत. दिवसाआड नळ झाला, तसे घाबरून लोकांनी नवे रांजण आणले, घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं. ताजं पाणी आलं की तो सगळा साठा मोरीत! वर दुपारपर्यंत नळ चालू ठेवायची मेहेरबानी चेअरमनसाहेबांचीच.

ते काही न बोलता भराभर घराकडे निघाले. बाई आणि ओव्हरसियर मागोमाग गेले. अंगणात पाऊल टाकलं आणि शेट जागीच थिजले. त्यांची बायको राजकुंवर परवाच्या गाळलेल्या पाण्याचे हंडे तुळशीपलीकडच्या मोरीत ओतत होती. एक, मग दुसरा. तिसरा तिनं उचलला, तेव्हा त्यांनी धावत जाऊन तिचा हात धरला.

"राजकुंवर! हे काय?"

"अहो, असं काय करता?" ती चकित होऊन म्हणाली. "तुम्हालाच शिळं पाणी चालत नाही ना! लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही सांगताय, सकाळी ताजंच पाणी दे म्हणून."

केवलचंद मटकन ओट्यावर बसले.

सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "शेटजी, तुमच्या वडिलांचं वाक्य साऱ्या गावाला पाठ आहे. पाणी तुपासारखं वाढावं. पण तूप कालचं झालं म्हणून कुणी मोरीत ओततं का?"

शेटनी राजकुंवरच्या हातून तिसरा हंडा घेतला आणि आपल्याजवळ ओट्यावर ठेवला.

"आणि ताजं म्हणता ते कुठलं? तलाव शेवटचा कधी भरला? परार! नळातून येतंय ते परारच्या पावसाचं पाणी. तिथे ते पावणेदोन वर्षं उघड्यावर पडलंय, त्यात गुरं डुंबली, बेडूक नांदले. ते ताजं! आणि तुमच्या घरात गाळून, झाकून दोन दिवस ठेवलं, की तेच पाणी शिळं! हे कुठलं शास्त्र?"

"चोर मीच!" केवलचंदांच्या तोंडून निघालं. "बाई, चोर मीच की हो! आणि मी तोतारामला..."

ते उठले. अंगरख्याच्या खिशात पाणी गाळायचं फडकं, म्हणजे गळणं, होतं, ते चाचपून पाहिलं आणि तडक तोतारामच्या बोळात गेले. चेअरमनना दारात पाहून भिकुबाईनं पोरं मागे ओढली. तिला वाटलं, पोलीस आले. भिंतीशी बसलेला तोताराम उठून उभा राहिला. कोपऱ्यात एकच मडकं होतं, ओल्या फडक्यानं झाकलेलं, तळाशी थोडं पाणी असलेलं. नळावर कुणी उभं राहू देत नव्हतं, म्हणून सारं घर त्या मडक्यातलं पाणी घोट-घोट पुरवीत होतं.

"भिकुबाई, मला पाणी द्या."

"शेट, हाई पानी चार दिननं शे!" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरचं पाणी शेट पितील, हेच तिच्या स्वप्नात नव्हतं, त्यात हे असलं.

"तेच द्या."

त्यांनी फुलपात्रावर गळणं धरलं, तिनं भीत भीत पाणी ओतलं, आणि केवलचंदांनी ते एका दमात पिऊन टाकलं. दारात गर्दी जमली होती. शेटनी ओव्हरसियरकडून चावी घेतली आणि तोतारामच्या खांद्यावर ठेवली.

"तोताराम भाऊ, चूक माझी. मला माफ कर."

तोतारामनं चावी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

शनिवारची सभा झाली. "चोर सापडला, त्याचं नाव केवलचंद," असं चेअरमननं उभं राहून सांगितलं, तेव्हा आधी सभासद हसले आणि मग त्यांना आपापल्या घरच्या मोऱ्या आठवल्या. दुपारपर्यंतचा नळ बंद झाला. पाणी पुन्हा रोज सुटू लागलं, पण अगदी थोडा वेळ. गावात दवंडी फिरली: झाकलेलं पाणी शिळं होत नाही, ओतू नका हो! सुनंदाबाई दुपारी घरोघर जाऊन बायकांशी भांडल्या. होय, भांडल्याच. वर्षानुवर्षांची सवय गोड बोलून सुटत नसते. पाऊस उशिरा आला. तोपर्यंत तलावाचा चिखल दिसू लागला होता, पण नळ एक दिवसही कोरडा गेला नाही.

पोळ्याच्या सुमाराला तलाव काठोकाठ भरला. गाव नारळ घेऊन बांधावर लोटलं. तिथेच केवलचंदांनी कमिटी बसवली आणि पुढच्या दुष्काळात पाणी कसं पुरवायचं ते ठरवायला घेतलं.

"शेटजी, तलाव भरलाय!" लोक हसले.

"म्हणून तर! तळ दिसल्यावर ठरवलं ते सगळं चुकलं. माझंच चुकलं."

नागरिकहो, नळ म्युनिसिपालटीचा असतो, पण मोरी आपली असते. दुष्काळाचा बंदोबस्त भरल्या तलावाच्या काठी बसून करायचा असतो, आणि तो लोकांना नीट समजावून सांगावा लागतो. घाबरलेलं घर पाणी साठवतं आणि साठवलेलं पाणी ओततं. उद्या सकाळी हंडा उपडा करायला हात उचललात, की त्याच्या तळाशी भिकुबाईचं मडकं आठवा. राजकुंवर तर अजूनही सकाळी नवऱ्यासमोर तांब्या ठेवताना म्हणते, "कालचं आहे हं!" आणि शेट तो कपाळाला लावून पितात.