अंगाला काही लावता का?

तिने हिरव्या झाकणाची बाटली तळहातावर झटकली, हात एकमेकांवर घासले आणि नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवले. वास खोलीभर उसळला. दुखण्यावरच्या बामला येतो तसाच, पण कच्चा, सरळ नाकात शिरणारा. तो खाटेवर डोळे मिटून पडला होता. पायजमा त्यानेच मांडीपर्यंत गुंडाळून ठेवला होता. बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं की तो रोज गुंडाळायचा.

"जरा वर," तो म्हणाला.

"वर म्हणजे कुठे? तुमचे स्टॉप मला पाठ आहेत का?"

तो हसला. त्याची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली होती. डावा गुडघा क्लचने खाल्ला, उरलेला माणूस हृदयाने. झडप बदलून धातूची बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. ऑपरेशननंतर तो घरात काचेचं सामान होऊन बसला. उगाच धक्का नको, म्हणून तिची खाट बाहेरच्या खोलीत गेली, मशीनशेजारी. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पुढे ती कोणी परतही आणली नाही.

मग नणंदेने ही बाटली आणून दिली आणि तिचे हात पुन्हा त्याच्या अंगाला लागले. तेलाचा हात फिरू लागला की एरवी हं आणि हूं करणारा हा माणूस बोलायला लागायचा. ब्रेक गेलेली बस, उतारावर देवाचं नाव घेणारा नास्तिक कंडक्टर, तिकिटाऐवजी कोंबडी पुढे करणारी म्हातारी. तीही हसायची. चारचौघांत कबूल केलं नसतं, पण दुपार कलली की तिचं लक्ष कापडावर राहायचं नाही.

तिने पाय वळवला आणि हात थांबला. पोटरीमागे जांभळा डाग होता. तिच्या पंज्याएवढा, कडेने काळपट.

"हे कुठे आपटलात?"

"कुठे नाही."

"मांडीवरचा अजून गेला नाही, तोवर हा नवा."

"म्हातारं कातडं आहे. तू चोळ."

तिने डागासाठी आणखी तेल घेतलं. मुका मार, सूज, कळ, सगळ्यावर हेच लावायचं, असं नणंदेने बजावलं होतं.

नणंद घरातूनच ही सुगंधी तेलं विकायची. तिच्याकडे बायका गोल करून बसत, मधे वाफ सोडणारं यंत्र फुसफुसत असे, आणि ती एकेक बाटली सगळ्यांच्या नाकाखालून फिरवायची. झोपेला ही, डोक्याला ही, मन खचलं तर ही. तिचा स्वतःचा नवरा गेला तेव्हा ती या बाटल्यांवर उभी राहिली, कोणाच्या दारात गेली नाही. एवढं तिच्या बाजूने मान्य करायला हवं. पण 'नैसर्गिक' हा एक शब्द तिच्या तोंडात असा बसला होता की त्यापुढे दुसऱ्याला प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी नणंद आली तेव्हा भाऊ नुकता आंघोळ करून उघड्या अंगाने बाहेर येत होता. तिने त्याचे दंड पाहिले, पाठ पाहिली. तेव्हा काही बोलली नाही. वहिनीला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, खरं सांगा. हात उचलता का दादावर?"

वहिनीच्या हातात चहाचं भांडं होतं. ते तिने शेगडीवर अगदी नीट ठेवलं. नीट ठेवलं नसतं तर फेकलंच असतं.

"काय म्हणालात?"

"दंडावर बोटं उठलीत त्याच्या. चारही बोटं दिसतायत."

"उठवताना धरते मी त्यांना. तुमचा दादा काय आपोआप उठतो? तुम्ही येता धरायला?"

"चिडू नका. जन्मभर ऐकून घेतलेल्या बायका म्हातारपणी उट्टं काढतात. माझ्याकडे येतात ना, सगळं बोलतात. मी तुम्हाला दोष देत नाहीये."

"मग काय देताय? रागावरची बाटली?"

नणंदेचा चेहरा लाल झाला. "उद्या मी त्याला दवाखान्यात नेते. मी एकटी. तुमच्यासमोर तो तोंड उघडायचा नाही."

"न्या. खुशाल न्या. आणि डॉक्टरांना विचारा, बाईचा हात एवढा जड असतो का."

पण दुसऱ्या दिवशी ते दोघं गेल्यावर तिचा सगळा ताठा उतरला. एका पँटची चेन बदलायची होती, ती तिने उलटी बसवली. उसवली, पुन्हा उलटीच बसवली. मशीनवर दोन्ही हात पालथे ठेवून ती कितीतरी वेळ बोटांकडे बघत बसली. जोरात धरलं होतं का कधी? कंटाळून, वैतागून, एखाद्या दिवशी? आठवेना, आणि नाही असंही छातीठोक म्हणता येईना.

दिवेलागणीला ते परत आले. तो काही न बोलता आतल्या खोलीत गेला. नणंद खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स मांडीवर धरून.

"मार नाही तो," ती म्हणाली. "माझं चुकलं, वहिनी. रक्त फार पातळ झालंय. एवढं की नुसतं धरलं तरी डाग पडतो. आतल्या आतसुद्धा वाहू शकतं म्हणाले. गोळी तूर्त बंद केलीय, परवा पुन्हा तपासायचं."

"गोळी तर तीच आहे. मग एकाएकी असं कसं झालं?"

"तेच ते विचारत होते. नवं औषध, काढा, काही सुरू केलंय का. दादा नाही म्हणाला."

"आणखी काय विचारलं?"

नणंदेने पर्सची चेन उघडली, परत लावली.

"अंगाला काही लावता का, म्हणाले. दुखण्यावरचं तेल, बाम वगैरे. कातडीतून आत जातं म्हणे ते, आणि त्या गोळीचा जोर वाढवतं. दोनदा विचारलं."

"हे काय म्हणाले?"

"नाही म्हणाला."

"आणि तुम्ही?"

नणंद पर्सचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"शेजारीच बसला होतात ना? का बाहेर होतात?"

"शेजारीच होते."

"मग? वाचा बसली होती?"

"भावाला परक्या माणसासमोर खोटा पाडू का मी? आणि ती बामं रसायनांची असतात, वहिनी. आपलं नैसर्गिक आहे."

"गळूही नैसर्गिकच असतं, वन्सं."

नणंद उठली. डोळ्यांत पाणी होतं. ते भावासाठी होतं की बाटल्यांसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. चपला घालताना ती हळूच म्हणाली, "आता नका लावू. बाकी कोणाला काही होत नाही हो. खरंच कोणाला काही झालेलं नाही." आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरली.

दार लावून ती आत गेली. तो खाटेवर पडला होता. पायजमा मांडीपर्यंत गुंडाळलेला. बाटली उशाशी काढून ठेवलेली.

"खोटं का बोललात?"

तो छताकडे बघत राहिला. "खरं सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतं."

"मग करायचं बंद! मरायचंय का?"

"मरायचं कोणाला असतं?" मग बिनतिकिटाच्या उतारूसारखा घासाघीस करत म्हणाला, "आता गोळी बंद झालीच आहे ना. मग थोडं लावलं तर काय बिघडतं?"

"तुम्हाला माहीत होतं? हे तेलामुळे होतंय ते?"

"डाग यायला लागले तेव्हा वाटलं होतं."

"आणि मला चोळ म्हणालात."

"तू बाहेरच्या खोलीत झोपतेस," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. पुढे रस्ता नाही, एवढंच सांगावं तसा.

तिने बाटली उचलली आणि मोरीत रिकामी केली. वास घरभर झाला. साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला कोरडे पुसले. मग येऊन खाटेच्या कडेला बसली आणि त्याच्या गुडघ्यावर कोरडे हात ठेवले.

त्याने डोळे मिटले होते. "तेल?"

"नाही."

"मग कशाला?"

"गप पडा. कशाला म्हणे!" तिचा आवाज फाटला. "तेल लागतं होय त्याला? एवढी वर्षं झाली, तोंडाने सांगता येत नव्हतं? आणि मला तरी..." पुढचं तिला बोलता आलं नाही. ते अंगठ्यात उतरलं. तिने दाबलं. एकदाच.

अंगठा उचलला तेव्हा खाली फिकट ठसा होता. तो जाईल म्हणून ती बघत राहिली. तो गेला नाही. रंग धरू लागला, मग कडेने सावकाश पसरू लागला, कापडावर तेल पसरतं तसा.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "जोरात दाब. कळतसुद्धा नाही."

तिने एका हाताने फोन लावला.

"वन्सं, गाडी करून मागे फिरा. ह्यांना न्यायचंय. आणि तुमची तेलांची पेटी घेऊन या. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची आहे."

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"सकाळी नाही का चालणार, वहिनी?"

"आत्ता."

तिने फोन ठेवला. तो डोळे उघडून तिच्याकडे बघत होता. भीती वाटली असावी, कारण तो एकदम लहान दिसायला लागला होता.

"गाडी येईपर्यंत हात राहू दे," तो म्हणाला.

तिने तळहात त्याच्या पायावर टेकवला, कातडीला जेमतेम लागेल एवढाच. थोड्या वेळाने खांदा भरून आला, कोपर थरथरू लागलं. तरी तिने हाताचं वजन खाली जाऊ दिलं नाही.